ओढ्यातला मासा घरच्या टाकीत आणण्यापूर्वी: कायद्याची वाट, पायरी पायरीने

सह्याद्रीतल्या ओढ्यांत आणि कोकणातल्या वहाळांत मिळणारे लहान मासे घरच्या फिश टँकमध्ये ठेवण्याची हौस आता अनेकांना लागली आहे आणि ती मनापासून स्वागत करण्यासारखी आहे. दुकानातल्या गप्पी आणि गोल्डफिशच्या पलीकडे आपल्याच नदीत वाळूत तोंड खुपसून बसणारी मुरी, अंड्या-पिल्लांची राखण करणारा डोक, दगडाच्या फटीतून डोकावणारी वाम अशी मंडळी राहतात, हे ज्याने एकदा जवळून पाहिले त्याचा नदीकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलतो. मात्र या वाटेवर पाऊल टाकणाऱ्या बहुतेकांना कायद्याची नीट माहिती नसते. काहीजण ‘ओढ्यातला मासा, त्याला कसला कायदा?’ असे म्हणून मोकळे होतात, तर काहीजण कोणताही रानातला जीव घरात ठेवणे गुन्हाच आहे असे समजून चांगला छंद सोडून देतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

‘हा मासा पाळणे कायदेशीर आहे का?’ असा प्रश्न नवखा माणूस विचारतो, तेव्हा तो माशाचे नाव सांगतो आणि उत्तराची वाट पाहतो. माझ्या मते प्रश्नाची सुरुवातच बदलायला हवी, कारण आपल्याकडचा कायदा बहुतेक वेळा माशाच्या आधी पाण्याकडे बघतो. शेतमालकाच्या परवानगीने भातखाचराच्या बांधालगत पकडलेला डोक आणि फणसाड अभयारण्यातल्या झऱ्यातून उचललेला डोक हे जीवशास्त्राच्या दृष्टीने एकच आहेत, पण पहिल्या प्रसंगात वन्यजीव कायद्याचा भंग होत नाही आणि दुसऱ्या प्रसंगात तुरुंगवासाची तरतूद असलेला गुन्हा घडतो. म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत: आधी पाणी, मग मासा, मग पकडण्याची रीत आणि शेवटी घरातली टाकी व कागदपत्रे.

पहिली पायरी: पाणी कोणाच्या हद्दीत आहे ते ठरवा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत मासे स्पष्टपणे येतात आणि त्यांची पिल्ले व अंडीही येतात. याच अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यातून कोणतेही वन्यजीवन परवानगीशिवाय काढून नेता येत नाही आणि राष्ट्रीय उद्यानांसाठी कलम ३५ मध्ये तशीच तरतूद आहे. इथे मासा दुर्मीळ आहे की सर्रास मिळणारा आहे, याला महत्त्व नाही. हद्दीच्या आत तो आहे, एवढेच पुरेसे असते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अधिनियमाच्या सर्वसाधारण भंगासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

अडचण अशी की अनेक ठिकाणी ही हद्द डोळ्यांना दिसत नाही. भीमाशंकर, तानसा, राधानगरी, कोयना किंवा चांदोलीच्या परिसरात फिरताना आपण जंगलात आहोत एवढे तरी कळते. पण पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर दिसायला साधा जलाशय असला तरी तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे, आणि नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वरही तसेच आहे. कोयनेचा शिवसागर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत आहे. गोव्यात म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये घाटाच्या पायथ्याशी जवळजवळ सलग पसरलेली असल्यामुळे तिथल्या धबधब्यांखालचे कितीतरी डोह संरक्षित क्षेत्रातच मोडतात. फलक दिसला नाही, ही सबब चालत नाही.

अभयारण्य नाही म्हणजे वाट मोकळी झाली, असेही नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ मध्ये राखीव वनात नियमांचे उल्लंघन करून मासेमारी करणे, पाण्यात विष कालवणे आणि सापळे लावणे या गोष्टी शिकारीच्याच रांगेत बसवल्या आहेत. घाटमाथ्यावरचे बरेचसे ओढे कधी राखीव वनातून, कधी मालकीच्या जमिनीतून, तर कधी गायरानातून वाहतात आणि दोनशे पावलांच्या अंतरात कायदा बदलतो. यासाठी जायच्या आधी जागेचा गट क्रमांक काढून सातबारा पाहावा, मोबाइलच्या नकाशावर ठिकाणाची नोंद करावी आणि त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन ‘ही जागा वनहद्दीत येते का?’ एवढा साधा प्रश्न विचारावा. वनरक्षकाला हा प्रश्न आधी विचारलेला आवडतो; हातात जाळी आणि पिशवीत मासे असताना तोच प्रश्न त्याने आपल्याला विचारणे वेगळे.

धरणे, पाझर तलाव आणि गावतळी यांचा हिशेब आणखी निराळा आहे. महाराष्ट्रात मोठ्या संख्येने जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि गावतळी ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या ताब्यात असतात. त्या पाण्यातल्या माशांवर ठेकेदार संस्थेचा हक्क असतो आणि तिने पैसे मोजून बीज सोडलेले असते. आपल्याला मोठे कटला-रोहू नकोत, काठाजवळची चार खवली हवीत, हे आपल्याला ठाऊक असते, संस्थेच्या राखणदाराला नव्हे. संस्थेच्या सचिवांना भेटून चार ओळींची लेखी संमती घ्यावी. माशांचा अभ्यास करायचा आहे, असे सांगितल्यावर जुनी कोळी माणसे कोणता मासा कुठल्या दगडाखाली बसतो तेसुद्धा सांगतात, आणि ती माहिती कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

काही पाण्यांवर गावाने स्वतः बंदी घातलेली असते. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवरचे वाळणकोंड आणि पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात वैतरणेवरचे तिळसे इथले मोठे मासे देवाचे मानले जातात आणि पिढ्यान् पिढ्या त्यांना कोणी हात लावलेला नाही. अशा डोहातून एक पिल्लूसुद्धा उचलू नये. कायद्याचे कलम शोधत बसण्याची इथे गरज नाही. आंबोलीच्या हिरण्यकेशीचे उदाहरण तर श्रद्धा आणि कायदा या दोन्हींचे आहे: तिथल्या उगमस्थानात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी जात २०२० मध्ये नोंदली गेली आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैविक विविधता अधिनियमाखाली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. बोटभर लांबीच्या माशासाठी एवढे संरक्षण मिळावे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

दुसरी पायरी: मासा कोणता ते नक्की करा

जागा निर्धोक ठरली, तरी मासा वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे त्याला जोडलेल्या संरक्षित जातींच्या यादीत असेल तर तो कुठूनही पकडता येत नाही. अनुसूची १ आणि २ मधील प्राण्यांची शिकार कलम ९ प्रमाणे निषिद्ध आहे आणि ‘शिकार’ या शब्दात जिवंत पकडणेही येते. अनुसूची १ मधील प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड इतकी कडक आहे.

इथे नवख्यांची एक हमखास फसगत होते. इंटरनेटवर फिरणारे बहुतेक तक्ते सहा अनुसूच्यांच्या काळातले आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या चारवर आणल्या. आता पहिल्या दोन प्राण्यांसाठी, तिसरी वनस्पतींसाठी आणि चौथी साइट्स या आंतरराष्ट्रीय करारातील जातींसाठी आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यामुळे जुना तक्ता पाहून निर्णय घेऊ नये. अधिनियमाचा अद्ययावत मजकूर सरकारी संकेतस्थळावर मिळतो, तो उतरवून घ्यावा आणि त्यात माशाचे शास्त्रीय नाव शोधावे. शास्त्रीय नावेही बदलत असतात, म्हणून जुने आणि नवे अशी दोन्ही नावे शोधून पाहावीत. याचे ठळक उदाहरण म्हणजे लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब, ज्याला व्यापारात ‘मिस केरळ’ म्हणतात. केरळ आणि कर्नाटकातल्या घाटनद्यांचा हा मासा पूर्वी ‘पुंटियस’ म्हणून ओळखला जायचा, आता त्याची प्रजाती ‘सह्याद्रिया’ आहे. वर्षानुवर्षे तो परदेशी जाणाऱ्या देशी माशांमध्ये आघाडीवर होता. २००८ मध्ये केरळ शासनाने त्याच्या पकडीवर मर्यादा आणि बंदीचे महिने घातले, पण ते महिने आणि माशाचा विणीचा खरा हंगाम जुळत नाहीत, असे संशोधकांनी पुढे दाखवून दिले. २०२२ च्या दुरुस्तीत हा मासा संरक्षित जातींच्या यादीत आला. काल उघडपणे विकला जाणारा मासा आज बाळगणे धोक्याचे ठरू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरा गोंधळ आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीचा. ही यादी जातीची नैसर्गिक अवस्था सांगते, ती भारतीय कायदा नव्हे. कृष्णेच्या खोऱ्यातल्या उपनद्यांत आढळणारा पट्टेरी झेब्रा लोच (‘बोटिया स्ट्रायटा’) लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे, तरीही तो दुकानांतून विकला जाताना दिसतो. अशा वेळी कायद्याची मनाई नाही एवढ्यावर थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संकटग्रस्त जातीचे मासे नदीतून आणू नयेत. फारच ओढ असेल तर टाकीत पैदा झालेलेच घ्यावेत आणि तशी खात्री देणारी पावती मागावी.

मासा ओळखायची रीत सोपी आहे, पण तिला सवय लागते. अरुंद काचेच्या डबीत नितळ पाणी घालून मासा त्यात हलकेच सोडावा, मागे पांढरा कागद धरावा, बाजूला मोजपट्टी ठेवावी आणि बरोबर आडव्या बाजूने छायाचित्र काढावे. तोंडाजवळच्या मिशांच्या जोड्या, अंगावरच्या ठिपक्यांची नेमकी जागा, शेपटीच्या टोकांचा रंग आणि अंगाच्या मध्यावरून जाणारी खवल्यांची रेघ पूर्ण आहे की अर्धवट, या चार गोष्टी टिपल्या की चंदेरी दिसणाऱ्या खवल्यांमधला फरक कळू लागतो. महासीरचे बोटभर पिल्लू नवख्या डोळ्यांना कुठल्याही साध्या खवलीसारखेच दिसते, आणि तो मासा पुढे कित्येक किलोंचा होतो. ओळख पटली नाही तर मासा त्याच डोहात, त्याच जागी, लगेच परत सोडावा.

समुद्रकाठच्या वाचकांसाठी थोडक्यात: समुद्री घोडे आणि त्यांच्या कुळातले नळीमासे संरक्षित आहेत, प्रवाळही संरक्षित आहेत, आणि १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य अस्तित्वात आहे. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांतून प्रवाळ चिकटलेला दगड टाकीच्या सजावटीसाठी उचलणे हासुद्धा गुन्हा ठरतो. भिंतीवर टांगण्यासाठी विकले जाणारे ‘इंद्रजाल’ ही वनस्पती नसून समुद्री प्राण्याचा सांगाडा आहे आणि त्याची खरेदी-विक्री बेकायदा आहे.

तिसरी पायरी: पकडण्याची रीत आणि वेळ

भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ इतका जुना असूनही त्यातली दोन कलमे लक्षात ठेवण्यासारखी आहेत: चौथ्या कलमाने स्फोटकांनी मासे मारण्यास मनाई आहे आणि पाचव्या कलमाने पाण्यात विष, चुना किंवा अपायकारक पदार्थ टाकण्यास. जिलेटीनच्या कांड्या, ब्लीचिंग पावडर, रामेठ्याचा पाला किंवा गेळफळाचा कूट, सगळे यात मोडते. राज्यात या जोडीला महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० आहे. टाकीसाठी मासे नेणाऱ्या माणसाचा या प्रकारांशी संबंध येत नाही असे वाटेल, परंतु गावातल्या मुलांना पैसे देऊन ‘मला अमुक मासे आणून द्या’ असे सांगितले, की ते कोणत्या मार्गाने आणले जातील यावर आपला ताबा राहत नाही. स्वतः जावे, हातजाळी वापरावी.

वेळेच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मृगाचा पाऊस लागला की कोकणात वलगणीचे, म्हणजे चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारत शेतांपर्यंत येतात. त्यांना पकडणे सोपे असते आणि म्हणूनच हौशी लोक तेव्हा गर्दी करतात. पण हे मासे अंडी घालायला निघालेले असतात आणि त्यांची पोटे गाभोळीने भरलेली असतात. त्यातली एक मादी उचलली तर त्या वहाळातली पुढच्या वर्षीची शेकडो पिल्ले गेली. टाकीसाठी मासे आणायचेच असतील तर पावसाळा संपून पाणी निवळल्यावर, दिवाळीच्या सुमारास, त्याच वर्षीची लहान पिल्ले आणावीत. ती टाकीत रुळतातही लवकर. एका जातीचे सहा-सात मासे पुरेसे असतात.

चौथी पायरी: वही ठेवा

एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक वेळी तारीख, गाव, तालुका, नदी किंवा ओढ्याचे नाव, जागेचा मालक वा ठेकेदार संस्था, माशाचे नाव, संख्या आणि पकडण्याची रीत लिहावी. संमतीपत्राची प्रत आणि आडवे छायाचित्र तिथेच चिकटवावे. दुकानातून देशी मासा घेतला असेल तर जातीचे नाव लिहिलेले बिल जोडावे. दुकानदार ‘मिक्स लोच’ एवढेच लिहून देत असेल तर तो मासा घेऊ नये.

या वहीचे कारण वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये आहे. संरक्षित प्राणी एखाद्याच्या ताब्यात आहे हे सिद्ध झाले, की तो ताबा बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी ताबेदारावर येते. आपल्या टाकीतला मासा अनुसूचीत नाही आणि अमक्या दिवशी अमक्या शेतातून आणला आहे, हे कागदावर असले की चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याशी बोलणे पाच मिनिटांत संपते.

पाचवी पायरी: टाकी आणि वाहतूक

प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० मासळीलाही लागू होतो, कारण त्यात माणसाखेरीज प्रत्येक सजीव ‘प्राणी’ मानला आहे. कलम ११ प्रमाणे हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पात्रात प्राणी कोंडणे आणि त्याला यातना होतील अशा तऱ्हेने वाहून नेणे हे अपराध आहेत. वाहत्या ओढ्यातले मासे बरणीत ठेवणे म्हणजे या कलमाचे सरळ उल्लंघन होय. त्यांना लांबट टाकी, जोरदार फिल्टर आणि थंड पाणी लागते. मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी केंद्राने २०१७ मध्ये वेगळे नियम काढले होते. ते पुढे मागे घेतले गेले, त्यामुळे त्यांचा हवाला देणारे लेख वाचताना सावध राहावे.

विक्री आणि देवाणघेवाण

टाकीत पिल्ले झाली की मित्राला चार द्यावीशी वाटतात. त्यात गैर काही नाही. मात्र नदीतून आणलेले मासे किंवा त्यांची पिल्ले विकायला सुरुवात केली की जैविक विविधता अधिनियम, २००२ लागू होऊ शकतो, कारण व्यापारी वापरासाठी जैविक संसाधने घेताना राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावे लागते. महाराष्ट्राचे मंडळ नागपूरला आहे. गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. २०२३ च्या दुरुस्तीने या अधिनियमातील कैदेची शिक्षा काढून आर्थिक दंडाची तरतूद केली आहे, परंतु जबाबदारी कमी झालेली नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांनी किंवा परदेशी नागरिकांनी इथले मासे संशोधनासाठी वा व्यापारासाठी नेण्याबद्दल तर याहून कडक नियम आहेत.

संरक्षित प्राणी आधीच घरात असेल तर

भेट म्हणून आलेला किंवा अजाणता विकत घेतलेला मासा अनुसूचीतला आहे असे नंतर लक्षात येते, तेव्हा बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया तो गुपचूप जवळच्या तलावात सोडण्याची असते. तसे कधीही करू नये. परदेशी माशांबरोबर राहिलेला देशी मासा त्यांचे रोग आणि परजीवी घेऊन पाण्यात जातो आणि तो मुळात दुसऱ्या खोऱ्यातला असेल तर तिथल्या जातींवर नवे संकट ओढवते. तो विकणे किंवा दुसऱ्याला देणे म्हणजे गुन्ह्यात आणखी एका माणसाला ओढणे होय. हीच गोष्ट फिश टँकच्या दुकानात कधीकधी मिळणाऱ्या देशी मऊ पाठीच्या कासवांची आहे. ती संरक्षित आहेत आणि घरात ठेवता येत नाहीत.

प्राण्याला आहे त्या टाकीत हवा आणि खाणे देत शांतपणे ठेवावे, छायाचित्र व खरेदीचा कागद जवळ ठेवावा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा थेट वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे कळवावे. कळवल्याचा लेखी अर्ज द्यावा, त्यात प्राणी कसा आला ते खरेखुरे लिहावे आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. खरेदी मोठी असेल किंवा विक्रेत्याविरुद्ध चौकशी सुरू होण्याची शक्यता असेल तर अर्ज करण्याआधी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा. अधिकारी प्राणी ताब्यात घेतील तेव्हा पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी आणि ती त्याच वहीत लावून ठेवावी.